हातावरचं दही

गाडी विकायची, एवढंच काम होतं. माझा भाऊ हरेश काविळीनं गेला आणि त्याची जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आमच्या अंजूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. इंजिन ठणठणीत. बाकी बॉनेटच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, बंपर चिरलेला, आतून छताचं कापड लोंबत होतं. जाहिरातीत मी हे सगळं खरंखरं लिहिलं. एकच गोष्ट लिहिली नाही. आई त्या गाडीत बसायची.

दुपार कलली की ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसे. काचा बंद. आत तिचं हळू बोलणं चाले, मध्येच थांबे, मग ती हसे. दार उघडलं की हरेशच्या केसांच्या तेलाचा वास अंगावर येई, ताजा. जेवण तिनं सोडलंच होतं. गळ्याची हाडं वर आली होती. शेजारीपाजारी म्हणाले, मेघाली, गाडीला हात लावू नकोस, पोराचा जीव अडकलाय तिच्यात. मी म्हटलं, अडकू दे. मेलेल्याचा जीव जपायला जिवंत आई मारू की काय? भाऊ माझाही होता. पण आई मी त्याला देणार नव्हते.

वज्रेश्वरीचा भूपेश गाडी बघायला आला. तो स्वतःच डेंटिंग-पेंटिंगवाला. लोहचुंबक फिरवून पत्र्याचे खड्डे पुटीनं कुठे बुजवलेत ते त्याने तपासलं आणि खूश झाला. "ताई, नुसता रंग मागते ही. बाकी झकास हाय."

व्यवहार झाला. आई आतच बसलेली. "आई, उतर. गाडी चालली."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हातावर दही दे. मग उतरते."

कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःहून काही खायला मागितलं होतं! मी धावतच आत गेले. तिच्या तळहातावर दही घातलं. तिनं ते चाटलं, उतरली आणि मुकाट्यानं घरात गेली. दही आपण प्रवासाला निघालेल्याच्या हातावर घालतो, हे त्या आनंदात मला सुचलंसुद्धा नाही.

भूपेश गाडी घेऊन गेला. रिकाम्या शेडमध्ये उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "हरेश, आता तुझं इथे काही नाही. ऐकलंस?" काही वाजलं नाही, हललं नाही. घरात आले तर आई पाटावर बसलेली. "भूक लागली," म्हणाली. ती जेवत होती, मी वाढत होते आणि रडत होते.

तेवढ्यात फोन आला. भूपेश होता, अगदी दबक्या आवाजात.

"ताई... तुमची आई माझ्या बाजूच्या सीटवर बसलीय. उतरायला न्हाय बोलते."

"माझी आई माझ्यासमोर जेवतेय."

"मंग ही कोण हाय?... निळी साडी... बोलते, हातावर दही घेतलंय, आता मागं फिरायचं न्हाय. आणि बोलते..."

"काय?"

"मेघालीला विचार, घरात कोण जेवतंय ते..."

मी फोन कापला. समोरची साडी निळीच होती. "आणखी वाढ," ती म्हणाली. आवाज आईचाच. मी तिला काही विचारलं नाही. उलट पातेलंच जवळ ओढलं. "पोटभर जेव," म्हटलं. "कोणी का असेनास. या घरातून आता उठायचं नाही."

भूपेशचा फोन पुन्हा लागला नाही. ती आहे इथेच, आत झोपलीय. दोन्ही वेळ जेवते, अंगानं भरलीय, शेजारणी माझं कौतुक करतात. फक्त घास गिळताना तिचा गळा हलत नाही. मी तिकडे बघत नाही. वाढत राहते.