अर्धा सेकंद थांब

चिवड्याचं पाकीट निरुपमा गुप्तेच्या कीबोर्डवर फुटलं, तेव्हा ते हातात धरणाऱ्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. शेंगदाणे कळांच्या फटींत, शेव तिच्या ओढणीवर, आणि समोर एक उंच, सावळा माणूस रिकामं पाकीट धरून उभा!

"सगळी अशीच उघडतात," तो म्हणाला आणि थांबला. "तुमच्या... सॉफ्टवेअरमुळे."

निरुपमाला दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक, तिच्या कामात काढलेली खोट. आणि दुसरी, वाक्याच्या अध्येमध्ये विसावा घेणारी माणसं. हा प्राणी दोन्ही एकदम घेऊन आला होता.

तो समरजित शिर्के. पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते, आणि पणतू बडोद्याजवळ छाणीला एका पत्र्याच्या शेडमध्ये फरसाणाची पाकिटं बंद करणारी यंत्रं बनवत होता. यंत्र चालवणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता, पण यंत्रातली चिप इवलीशी, तिच्यात तो मावेना. म्हणून त्याने तो शहरातल्या अकोट्याच्या या ऑफिसातून, निरुपमाच्या सॉफ्टवेअरने लहान करून घेतला होता. प्रोग्रॅम चिपच्या भाषेत जाण्याआधी मधल्या एका भाषेत उतरतो. निरुपमा पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'ऑप्ट' म्हणून एक कमांड द्यायची आणि त्या मधल्या रूपाचा पसारा आवरायची. तेच गणित दोनदा? एकदाच कर. कशाच्या उपयोगाचं नाही? काढून टाक. कोणती आवराआवर आधी आणि कोणती नंतर, हे जुळवण्यात तिचे आठ महिने गेले होते, आणि त्याचा तिला अभिमान होता. असायलाच हवा होता म्हणा.

"तुमच्या यंत्राला उष्णता कमी पडत असेल," तिने सुनावलं. "नाचता येईना अंगण वाकडं."

तो रागावला नाही. शांतपणे शेंगदाणे वेचू लागला. ते पाहून निरुपमाच चिडली.

पण साहेबांनी, म्हणजे लक्ष्मीकांत सरांनी, सोमवारीच स्पष्ट सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात शनिवारी राजकोटचे शेठ यंत्र बघायला येणार; बारा यंत्रांची ऑर्डर. त्या दिवशी पाकिटं उघडली, तर ऑर्डर गेली आणि निरुपमाचे आठ महिनेही कचऱ्यात. मग बाहेरून तयार सॉफ्टवेअर घेऊ, म्हणाले. शिर्क्यांचं काय होईल ते सरांनी सांगितलं नाही. ते समरजितनेच दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. शेड विकायची आणि मस्कतला नोकरीला जायचं. निरुपमाने चहा न संपवताच कप बाजूला ठेवला. मस्कत आपल्याला काय करायचंय, असं तिने स्वतःला दटावलंही.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी यायचा, रोज एक फुटकं पाकीट घेऊन. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत कळांचा टकटकाट, आणि शेजारच्या खुर्चीतून यंत्राच्या तेलाचा पुसटसा वास... तो वास आवडायचं काही कारण नव्हतं. तरी खुर्ची रिकामी असली की तिचं लक्ष दाराकडे जायचं.

"तापलेला जबडा पाकिटावर दाबला, की अर्धा सेकंद तिथेच राहायला हवा," त्याने बुधवारी समजावलं. "आता तो... लगेच उठतो."

"थांबायला सांगितलंय ना प्रोग्रॅममध्ये?"

"सांगितलंय."

मग तिने एकेक आवराआवर वेगवेगळी चालवायला घेतली. प्रत्येकीनंतर मधली भाषा पडद्यावर उतरवायची, आणि त्याचा थांबा जागेवर आहे का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. पडद्यावर तिचं बोट, मागोमाग त्याचं. दोन्ही एकाच ओळीवर आली, की दोघंही एकदम हात मागे घ्यायचे.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, अकराव्या पायरीनंतर, थांबा गायब.

"इथे होता," समरजित म्हणाला. "आत्ता होता."

निरुपमाने ओळी मागेपुढे केल्या आणि तिचे कान तापले. थांबण्यासाठी त्याने यंत्राला नुसतं मोजायला लावलं होतं. शून्यापासून भल्या मोठ्या आकड्यापर्यंत मोजायचं, आणि त्या मोजण्याचं पुढे काहीच करायचं नाही. कमांडने पाहिलं, की हे गृहस्थ उगाच मोजत बसलेत. दिलं हाकलून! कमांडची चूक नव्हती. निरुपमाने शिकवलं तेच तिने केलं होतं.

"मीच काढायला लावलं," ती हळूच म्हणाली. अशी कबुली तिच्या तोंडून ऑफिसात कुणी ऐकली नव्हती.

"मीही कुठे सांगितलं कुणाला," तो म्हणाला, "की मी थांबतो ते... काहीतरी मनात असतं म्हणून."

तो यंत्राबद्दलच बोलत होता ना? निरुपमाने वळून पाहिलं नाही. त्या मोजणीला हात लावायचा नाही, अशी खूण तिने मूळ प्रोग्रॅममध्ये एका शब्दाने केली, मोजण्याचा आकडा जरा कमीजास्त केला आणि पुन्हा सगळं चालवलं. थांबा जागेवर होता. प्रोग्रॅम चिपमध्ये मावला होता, वर चाळीस बाइट मोकळे.

शनिवारी छाणीच्या शेडमध्ये राजकोटच्या शेठनी पाकीट उचललं. बोटांनी ओढलं. नखांनी ओढलं. शेवटी दातांत धरलं.

"आ तो खूलतुं ज नथी!" हे तर उघडतच नाही म्हणून शेठ खदाखदा हसले, आणि बाराऐवजी वीस यंत्रं सांगून कात्री मागवली. लक्ष्मीकांत सर तर असे फुलले होते, जणू आठ महिने रात्रंदिवस त्यांनीच घासले. निरुपमाने त्यांना फुलू दिलं. तिला नाचावंसं वाटत होतं.

शेठ आणि सर चहाला बाहेर गेले. यंत्र चालूच होतं. समरजित जवळ आला.

"निरुपमा, मला..." आणि थांबला.

पूर्वीची निरुपमा असती तर वाक्य पुरं करून मोकळी झाली असती. शब्द तिच्या जिभेवर तयारही होते. तिने ते गिळले. जबडा खाली आला, अर्धा सेकंद थांबला, वर गेला. एक पाकीट पडलं. दुसरं पडलं. तिसरं...

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "आता फुटकं पाकीट मिळणार नाही. निमित्त नसताना अकोट्याला आलो... तर चालेल?"

"चालशे," निरुपमा म्हणाली. "रोज ये."

आणि हे बोलायला तिला अर्धा सेकंदही लागला नाही.