कोपऱ्यातल्या खोलीतलं औषध

भर दुपारी धुतलेली चादर घेऊन मी लॉजच्या वरच्या मजल्यावर निघाले होते. कोपऱ्यातल्या खोलीत त्या दिवसापासून माझी धाकटी बहीण राहणार होती. नुकतीच इथे कामाला लागली होती, आणि आल्यापासून नुसती खोकत होती.

ती खोली आधी पहारेकरी काकांची. काका गेले तेव्हापासून बंद. कसे गेले ते मी सांगते, कारण मालक सांगतो ते धडधडीत खोटं आहे.

लॉजमध्ये ढेकूण झाले होते. गाद्या उन्हात टाका, चादरी उकळा, पलंगाच्या फटी साफ करा, सांगून सांगून माझा घसा बसला. मालकाला एवढी कटकट कशाला हवी? त्याने शेतात मारायचं जहाल विष सुटं आणलं आणि खोकल्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलं. वर ना चिठ्ठी, ना खूण. आणि त्याला म्हणायचं काय, तर औषध! ढेकणांचं औषध, झुरळांचं औषध. आपण सगळेच म्हणतो. जीव घेणाऱ्याला औषध म्हणताना जीभ कशी झडत नाही आपली!

एका संध्याकाळी काकांना उबळ आली. त्यांनी विचारलं, "मालक, खोकल्यावर काही औषध आहे का हो?"

मालकाने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "कपाटात आहे की."

होतंच. टोपणभर घेतलं बिचाऱ्यांनी. सकाळी तोंडाला फेस, आणि खोलीभर रॉकेलसारखा डोक्यात जाणारा वास. मालकाने आधी बाटली उचलली, मग डॉक्टरला बोलावलं. त्याला म्हणाला, "छातीत कळ आली असणार. वय झालं होतं." मी कितीदा ओरडून सांगितलं. चादरी धुणारीचं कोण ऐकतो?

तर मी दार उघडलं. तोच वास. सकाळी मालक म्हणाला होता, "औषध मारलंय, झोपू दे तिला बिनधास्त." आणि खिडक्या घट्ट लावलेल्या! नाकाला पदर लावून मी खिडकीकडे गेले, तेवढ्यात पलंगापलीकडे कुणीतरी खोकलं.

"अगं, तू कशाला आलीस वर?" मी विचारलं.

धाकटी नव्हती. कुणीच नव्हतं. गादी मात्र हळूहळू खाली दबत गेली... कुणी टेकल्यासारखी.

"पोरी..." घसा सोलून निघालेला काकांचा आवाज. "तिला... घेऊ देऊ नकोस गं..."

उशाकडच्या खिडकीत खोकल्याची बाटली उघडी होती. शेजारी तिचं टोपण, काठोकाठ भरलेलं.

भीतीच्या वर संताप चढला. एक माणूस गिळला, तरी पुन्हा खोकल्याचीच बाटली! आणि माझ्या खोकणाऱ्या बहिणीच्या उशाशी! चादरीचा कोपरा फाडून मी बाटलीच्या तोंडात बोळा कोंबला. खिडक्या सताड उघडल्या. टोपणाला हात न लावता बाटली घेऊन बाहेर आले, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

खाली मालक चहा पीत बसला होता. धाकटी फरशी पुसत होती. मी बाटली त्याच्यासमोर आपटली.

"हे काय आहे?"

"औषध. एवढं काय अंगावर येतेस?"

"औषध ना? मग घ्या घोटभर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग विष म्हणा! हिच्यासमोर म्हणा. काकांना काय पाजलंत ते म्हणा!"

त्याने तोंड उघडलं, पण शब्द आलाच नाही. खोकला आला. छाती खरवडून काढणारा, थांबता थांबेना. अगदी काकांचा. डोळे पाण्याने भरले, हात हवेत चाचपडू लागला.

"काही... काही आहे का गं... खोकल्यावर?"

मी बोलायच्या आत जिन्यावरून म्हातारा आवाज आला. अगदी शांत.

"कपाटात आहे की, मालक."

धाकटीच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिनेही ऐकलं होतं. मालकाचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि तिथेच थिजला.

कपाशेजारी टोपण होतं. काठोकाठ भरलेलं, एक थेंबही न सांडलेलं.

मी कमर चाचपली. किल्ली जागच्या जागी होती.