तिसऱ्याला विचारलं नसतं तर

यातला एक शब्दही रचलेला नाही. ज्यांच्याबाबतीत घडलं, ते मिस्त्री आजही नळ दुरुस्त करतात.

नोव्हेंबर. संध्याकाळचे पावणेपाच. डोंगरातला एक लहान बसस्टँड. भुरभुर पाऊस.

मिस्त्रींची बायको जाऊन आठ महिने झाले होते. दोघं आयुष्यभर आपली आपण फिरली, टूरबिर कधी नाही. बायकोचा नियम पक्का. फोनवर दिसणाऱ्या गाडीच्या वेळेवर विसंबायचं नाही. तिथल्या तिघांना विचारायचं. तिघांचं जुळलं, तरच निघायचं.

वरचं तळं तेवढं बघायचं राहिलं होतं. म्हणून मिस्त्री एकटेच आले होते.

आधी त्यांनी स्टँडवर किल्ल्या बनवत बसलेल्या किल्लीवाल्याला तळ्याच्या गाडीचं विचारलं.

"पाचची गाडी. आत्ताच बाईंना सांगितलं की!"

"कुठल्या बाई?"

"तुमच्याच. म्हणाल्या, मागून आमचे हे येतील... टोपी विसरलेले असतील."

मिस्त्रींचा हात डोक्याकडे गेला.

डोकं उघडंच होतं.

मग औषधाचं दुकान. काउंटरवरची मुलगी हसली. "काका, दोघं मिळून एकदाच का नाही हो विचारत? पाचला. त्या टोकाला लागते."

मिस्त्रींनी वळून पाहिलं.

टोकाला खरंच एक गाडी उभी होती. इंजिन घरघरत होतं. खिडकीशी कुणीतरी बसलं होतं... शेजारची जागा पिशवी ठेवून धरलेली.

पळायला हवं होतं.

पण दोघांनाच विचारून झालं होतं. तिसरा राहिला होता. चाळीस वर्षांची सवय. पाय आपसूक चौकशीच्या खिडकीकडे वळले.

"तळ्याची गाडी?" आतल्या कारकुनाने मान वर केली. "ती बंद होऊन वर्षं झाली, आजोबा."

मागे हॉर्न वाजला.

एकदा.

पुन्हा... जरा जास्त वेळ. बायको घरातून हाक मारायची, तसा.

मिस्त्री धावले.

टोकाला काहीच नव्हतं. सगळी जमीन ओली. मधोमध फक्त गाडीएवढा कोरडा तुकडा...

त्यांच्या डोळ्यांसमोर तोही हळूहळू भिजला.

पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. टोपी घालून. किल्लीवाला तोच, मुलगी तीच, कारकून तोच. कुणीच त्यांना ओळखलं नाही.

"इथून तळ्याला गाडी जात नाही," किल्लीवाला म्हणाला.

मुलगीही तेच म्हणाली.

चौकशीच्या खिडकीशी मिस्त्री बराच वेळ घुटमळले. मग त्यांनी विचारलं.

तिघांचं जुळलं.