शेवाळाचा कप्पा

बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची, माशांची काचेची टाकी आहे. तिच्याखाली एक छोटा कप्पा. त्यात हिरवं शेवाळ वाढवायचं. टाकीतलं घाण पाणी खाली येतं, शेवाळ घाण शोषतं, पंप स्वच्छ पाणी परत वर ढकलतो. मी तारापूरच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्याकडून नीट होतात. निदान होत होत्या.

गणपतीनंतर शेवाळ गायब व्हायला लागलं. मूठभर टाकावं आणि दोन-तीन दिवसांत देठसुद्धा उरू नये. दिवा बदलला, पाणी तपासलं. जवळच्या दांडी गावचा भिका मला समुद्राचं पाणी कॅनमधून आणून देतो, त्याला झापलं. तो म्हणाला, "पाण्यात काय खोट नाय." खेकडा लपला असेल म्हणून सापळा लावला, तोही रिकामाच. होता फक्त वास. सडक्या अंड्याचा, त्यात नासलेल्या दुधाचा आंबटपणा. जेवताना तो नाकात शिरायचा आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

घरात एकच गोष्ट बरी चालली होती. आमची चार वर्षांची स्वरा जन्मापासून किरकोळ, सारखी आजारी. ती आता अंग धरत होती. डॉक्टरही खूश होते. माझी बायको समिधा म्हणायची, हा आईचा पायगुण. तिची आई जळगावहून आमच्याकडे राहायला आली होती.

एका रविवारी कप्पा उपसला. पंपाखाली हात घातला तर बोटांना बुळबुळीत गोळा लागला. शी! मोहऱ्या, कुजलेल्या मिरच्या, केसांचं गुंतवळ आणि सगळ्यावर पिवळी साय.

सासूबाईंनी लगेच कबूल केलं. रोज दिवेलागणीला त्या स्वराची दृष्ट काढत होत्या. मिरच्या गॅसवर जाळल्या की शेजाऱ्यांना ठसका लागतो, म्हणून उतरवलेलं सगळं वाहत्या पाण्यात सोडत होत्या. वाहतं पाणी म्हणजे माझा कप्पा! मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आता ते जाईल कुठं, जावईबापू?"

कप्पा घासून नवं शेवाळ टाकलं. ते असं माजलं की मी कारखान्यात फोटो दाखवत फिरलो. दोष मिरच्यांचा होता, विषय संपला.

पण स्वरानं जेवण सोडलं. वरणभात दिला तरी ओकायची. गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. पालघरला सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट चांगले आले. एकदा पापी घ्यायला वाकलो तर तिच्या तोंडाला तोच वास. मी, तिचा बाप, तोंड फिरवून उठलो.

शेवटी समिधा रडत म्हणाली, "मूल जाईल रे हातचं. कर ना ते."

संध्याकाळी स्वरा समिधाच्या खांद्यावर झोपली होती. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या माझ्याच मुठीत दिल्या. मी त्या स्वरावरून उतरवल्या आणि कप्प्यात टाकल्या.

शेवाळाचा एक धागा आखूड झाला. मग दुसरा. दिव्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं. कुरतडणारं तिथे काहीच नव्हतं.

मागे बारीक आवाज झाला. गुटुक.

मी वळलो. स्वराचे डोळे मिटलेले होते. हनुवटीवर हिरवट लाळ ओघळत होती. कप्प्यातला एकेक धागा नाहीसा झाला की तिच्या गळ्यातून आवंढा खाली उतरत होता.

समिधा तिची पाठ थोपटत होती. "बघ, किती शांत झोपलीय."

शेवाळ संपलं.

स्वराचा गळा हलायचा थांबला नाही.

मी वर टाकीतले मासे मोजायला लागलो.