टोपीचा उरलेला तुकडा

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला मुख्य चित्रपटाआधीचा वार्तापट सुरू झाला. नव्या पुलाचं उद्घाटन, फीत, टाळ्या... आणि वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे धडपडत धावणारा एक तरुण. थिएटर खो-खो हसलं.

ती हसली नाही. वार्तापटाची संकलक तीच. लोक नेमके कुठे हसतात, हे पाहायला दर शुक्रवारी येऊन बसायची.

"तुम्ही नाही हसलात," शेजारून कुजबुज आली.

पडद्याच्या उजेडात तिने चेहरा पाहिला—तोच, टोपीमागचा!

"हसायला हवं होतं?"

"छे! अख्ख्या थिएटरात तुम्ही एकट्याच माझ्या बाजूच्या. मध्यंतरात चहा घ्याल?"

"अनोळखी माणसाबरोबर?"

"अनोळखी कसला? आत्ताच सगळ्या गावाने पाहिलं की मला!"

आता मात्र तिला हसू आवरेना.

तो पुलाचे नकाशे काढायचा. मध्यंतरात कप देताना त्याची बोटं क्षणभर रेंगाळली... तिनेही हात मागे घेतला नाही.

"माझं हसं झालं, ते जाऊ द्या. पण आमच्या मिस्त्रींना हौसेने घेऊन आलो होतो. मघाशीच उठून गेले. ती टोपी—"

"त्यांची होती. माहीत आहे."

बोलून गेली ती.

"तुम्हाला कसं माहीत? पडद्यावर तर नव्हतं ते."

तिची कानशिलं तापली. "तुम्ही टोपी आणून त्यांच्या डोक्यावर ठेवलीत, तेही चित्रित झालं होतं. मी कापलं. नुसतं धावणं जास्त हसवतं... म्हणून."

"म्हणजे तुम्ही हसला नाहीत, ते—"

"लोक हसतात का, ते बघत होते."

त्याने कप ठेवला. "पूल मिस्त्रींनी बांधलाय. उद्घाटनाला त्यांना मागे उभं केलं होतं," एवढंच म्हणाला आणि गेला.

तिकडे संकलनाच्या खोलीत फिल्मचा तो कापलेला तुकडा अजून खिळ्याला लटकत होता. पुढच्या वार्तापटात तो घ्यायचं तिने सुचवलं.

"शिळी बातमी कशाला?" साहेब वैतागले.

"पुलावरून वाहतूक सुरू झाली, ही ताजी आहे ना? मग पूल कुणी बांधला, तेही दाखवू."

तुकडा जोडला. पुलाच्या कचेरीत निरोप ठेवला: शुक्रवारी या, मिस्त्रींना घेऊन.

शुक्रवार आला. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली. दिवे मालवले, तरी खुर्ची रिकामीच.

पडद्यावर तरुण धावला. थिएटर हसलं. मग त्याने टोपी झटकली, म्हाताऱ्या मिस्त्रींच्या डोक्यावर नीट बसवली... आणि हसू विरलं.

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. एकट्यानेच.

तिने अजून मागे वळून पाहिलेलं नाही. शेजारच्या खुर्चीवरची पर्स मात्र उचलून मांडीवर घेतली आहे.