फीफीने पगार सांगितला तेव्हा

"दोन भजी जास्त घाल ना, मावशी. पोटात नुसता खड्डा पडलाय," मी म्हणाले, आणि मागून कुणीतरी हसलं.

हार्मटनच्या कोरड्या वाऱ्याने त्या पहाटे कुमासी शहरातल्या अदुम पेठेचा रस्ता धुळीने पांढरा केला होता. वळून पाहिलं तर एक उंच तरुण, हातात गरम पेज, भुवयांवर धूळ.

"माफ करा... पण हा आवाज मी ओळखतो. सगळ्या कुमासीला उठवणारी सेरवा तुम्हीच ना?"

"आणि तुम्ही कोण?"

"तुमच्या शेजारच्या खुर्चीत आजपासून बसणारा. फीफी. केप कोस्टचा."

"अरे देवा, किनाऱ्यावरचा फांटी माणूस! म्हणजे निम्मं इंग्रजीच बोलणार."

"निम्मं इंग्रजी... आणि उरलेलं निम्मं लाजत," तो म्हणाला, आणि खरंच लाजला.

आमच्या रेडिओ स्टेशनवर सकाळचा कार्यक्रम मी पाच वर्षं एकटी करत होते. तो आला आणि कार्यक्रमाला जणू पंख फुटले. मी टोमणा मारायची, तो हसत झेलायचा. ट्रोट्रो मिनीबसचे ड्रायव्हर आमच्यासाठी आवाज मोठा करायचे. "लग्न कधी?" असे फोन यायचे. मी माइक सुरू असल्याचा लाल दिवा विझेपर्यंत हसायची, आणि मग त्याच्याकडे बघणं टाळायची. कारण तो बघत असायचा.

एका दुपारी आम्ही जिन्यात बसून मक्याचं केंके खात होतो. मी सहज म्हणाले, "असोक्वाला छान खोली मिळत होती. पण मालक दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतोय. माझ्या पगारात कुठलं जमायला!"

"तुझ्या पगारात? पण पाच वर्षांत तुझा तर..." तो थांबला. हातातला घास तसाच राहिला.

"माझा तर काय?"

पगाराबद्दल बोलायचं नाही, हे आमच्या करारातच होतं. बोललं तर नोकरी जाईल, असं स्टेशनचे मॅनेजर बोआडू साहेब प्रत्येकाला आत बोलावून बजावायचे. फीफीने एकदा वर ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मला चार हजार सेडी मिळतात, सेरवा."

मला अडीच मिळत होते.

मी उठले. रडू येईल अशी भीती होती, पण आला तो राग. "मला कशाला सांगितलंस? आता मी तुझ्या शेजारी बसून हसू कशी?"

"न सांगता मी कसा हसू?" तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बोआडू साहेबांसमोर उभी राहिले. आधी ते गोड बोलले. "तू बाईमाणूस. उद्या लग्न करून जाशील. त्याला घर चालवायचंय." मग त्यांचा आवाज बदलला. "आकडा कुणी सांगितला?"

"ते विचारू नका, साहेब. आकडा खोटा असेल तर तसं सांगा."

त्यांनी फाइल उघडून मला जायची खूण केली. सोमवारच्या बैठकीत मात्र टेबलावर हात आपटून म्हणाले, "इथे कुणीतरी नियम मोडलाय. सेरवाने नाव सांगावं, नाहीतर तिनेच जावं!"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. मी तोंड मिटून बसले. शेजारची खुर्ची सरकली.

"मी सांगितलं," फीफी म्हणाला. "आणि आता सगळ्यांसमोर सांगतो. मला चार हजार मिळतात. मी अजून नवखा आहे, काम मला हिने शिकवलं."

"खाली बस!"

"बसू नकोस रे," बातम्या वाचणाऱ्या पोकुआ आंटी उठत म्हणाल्या. केस पिकलेल्या, आवाज मात्र घंटेसारखा. "मला सोबत हवीय. साहेब, तुम्ही इथे यायच्या आधीपासून मी बातम्या वाचते. मला तीन हजार. आजवर लाजेने बोलले नाही. लाज खरं तर तुम्हाला वाटायला हवी होती!"

मग साउंडवाला क्वामे उठला. मग हिशेबातली अफ्रिये. एकेक जण आपला आकडा मोठ्याने सांगत गेला, आणि खोलीतली हवा हलकी होत गेली. साहेब "बसा, बसा" ओरडत होते. कुणी बसलं नाही.

त्यांनी आम्हा दोघांना त्याच दिवशी काढून टाकलं.

पुढच्या सकाळी मी बहिणीच्या अंगणात कसावा सोलत होते, तर फीफी फाटकात उभा. "एकट्याने रेडिओ ऐकवेना," म्हणाला. दोघं ऐकत बसलो. आमच्या खुर्च्यांवर बसायला कुणी तयार झालं नव्हतं. नुसती गाणी वाजत होती. मग आंटींचा आवाज आला – "सेरवा आणि फीफी आज नाहीत. त्यांनी एकमेकांना पगार सांगितला, म्हणून त्यांना काढलंय. आता बातम्या."

फीफी उडालाच. "आंटी... बाप रे!"

दुपारपर्यंत केजेटिया बाजारातल्या बायका स्टेशनच्या फाटकाशी जमल्या. "काम सारखं, मग पोरीला पैसे कमी का?" जाहिरातदारांचे फोन सुरू झाले. शेवटी स्टेशनच्या मालकीणबाई स्वतः आल्या. याच बाजारात कापड विकून त्या मोठ्या झालेल्या. त्यांनी सगळं ऐकलं, करारातलं ते कलम स्वतःच्या पेनाने खोडलं, माझा पगार फीफीएवढा केला, आंटींचा त्याहून जास्त. बोआडू साहेबांना घरी पाठवलं.

आम्ही परतलो त्या सकाळी स्टुडिओत टाळ्या थांबेनात. पहिलं गाणं लागलं. लाल दिवा विझलेला. फीफी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला होता.

"बोल ना. गप्प का?"

"एक सांगायचं होतं... आधीच. पण तेव्हा बोललो असतो तर तुला वाटलं असतं, आकडा मी त्यासाठीच सांगितला. तू उपकार समजली असतीस. म्हणून –"

"म्हणून इतके दिवस नुसता बघत बसलास?"

"तुला... कळत होतं?"

"सगळ्या कुमासीला कळत होतं, वेड्या!" गाणं संपत आलं होतं. मी त्याच्या हातातली वायर सोडवली आणि बोटं माझ्या हातात घेतली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता बोल, तुझी पाळी."

लाल दिवा लागला.

फीफीने तोंड उघडलं. शब्दच नाही. माइक सुरू, सगळं शहर कान लावून, आणि हा नुसता माझ्याकडे बघतोय, डोळे भरून. काचेपलीकडे क्वामे हात हलवून हलवून थकला.

मी माइक जवळ ओढला. टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरलेला होता.

"सुप्रभात, कुमासी! फीफीची वाचा गेलीय, पण काळजी करू नका, तब्येत उत्तम आहे. हवामान मीच सांगते – आज आकाश एकदम स्वच्छ!"