विमला बाईंचा फळा का बंद पडायचा?

"बाईंक कळता नये हां! कळला तर सगळी मजा गेली!" तन्वीने तिसऱ्यांदा बजावलं.

"गो, किती वेळा सांगशीत? आमी काय न्हान पोरां?" धनेश वैतागला.

"मी आसंय न्हान! पण माका पण कळता!" पूजा फणकारली.

कांदळवाडीच्या शाळेतलं हे त्रिकूट. तन्वी सातवीतली, धनेश सहावीतला आणि पूजा त्याची चौथीतली बहीण. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. शनिवारी विमला बाईंचा निरोप समारंभ होता आणि त्यात बाईंचे जुने फोटो शाळेच्या डिजिटल फळ्यावर दाखवायचे, असा तिघांचा गुप्त बेत होता.

खरं तर त्याच फळ्यापायी बाई चालल्या होत्या. वाडीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी अक्षरओळख करून दिलेली. नोकरीची तीन वर्षं बाकी होती. पण गेल्या वर्षी शाळेला तो मोठा फळा मिळाला, बाईंच्या वर्गात बसला आणि बाईंचे दिवस फिरले. वाडीतल्या लाईटचा भरवसा नाही, म्हणून तो शाळेच्या गच्चीवरच्या सोलरवर चालायचा. बाईंनी धडा लावला, की थोड्याच वेळात फळा फट्कन बंद! "बाई, परत बंद!" असं ओरडून वर्ग खदाखदा हसायचा. सगळ्यात मोठ्याने हसायची तन्वी. कणकवलीहून दोनदा दुरुस्तीवाले आले. त्यांच्या समोर फळा छान चालला. मग काय, खापर बाईंच्या माथी! शाळा समितीचे अध्यक्ष दत्तारामकाका यांनी "शिक्षिकेस डिजिटल अध्यापन जमत नाही" अशा अहवालावर सही ठोकली आणि तो ओरोसच्या जिल्हा कार्यालयात पाठवून दिला. बाईंनी पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला.

काकांकडून किल्ली आणून तिघांनी सकाळी नऊला वर्ग उघडला. फळा लागला! पहिल्याच फोटोत दोन वेण्या घातलेल्या तरुण विमला बाई पोरांबरोबर लंगडी घालत होत्या.

"अगे बाय! ह्यो बाई?" पूजा टाळ्या पिटत म्हणाली.

फोटो लावता लावता पावणेअकरा वाजले आणि फट्कन फळा काळा झाला!

"बाई, परत बं..." तन्वीच्या तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यातच थांबलं.

"बाई खंय आसत हयसर?" पूजाने विचारलं.

बाई नव्हत्याच. त्यांनी फळ्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"वायर बघूया!" धनेश म्हणाला. भिंतीवरून, खिडकीवरून, मागच्या बाजूने वायर थेट गच्चीवर गेली होती. तिघं मागच्या लोखंडी जिन्याने धडधडत वर चढली आणि तिथेच खिळली.

सोलरच्या काळ्याभोर काचा दिसतच नव्हत्या! त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घातली होती आणि एका काचेवर उरलेली सुंगटं पसरत उभी होती धनेश-पूजाची आई, सारिका.

"आये! तू?" धनेश किंचाळला.

"किंचाळतंस कित्याक? पुळणीर घातला तर वाळू लागता, कुत्रे तोंड घालतत. हय काचेर कशी कुरकुरीत होतत बघ!"

"कधीपासून घालतंस?"

"वर्ष झाला. आमी चार-पाच जणी घालतो. शाळा भरली की पोरां वर्गात बसतत, मगे कोण हात लावणा नाय. चार वाजता काढतो."

"आणि दुरुस्तीवाले साडेचारच्या एस्टीन येयत!" तन्वी कपाळावर हात मारत म्हणाली.

धनेशने आईला सगळं सांगितलं. वाडीला बाराही महिने सुक्या मासळीचा वास, त्यामुळे कोणाच्या नाकालाही संशय आला नव्हता. सोलर बसवलं त्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली, पेढे वाटले. या काचा उन्हावर वीज करतात, हे मात्र बायकांना कोणी सांगितलंच नाही.

सारिका घाईघाईने काचांवरची सुंगटं गोळा करू लागली. "माका वाचूक शिकयल्यानी बाईंनी. आणि मी त्येंचा असा केलंय?" तिने तोंडाला पदर लावला.

तिघं धावत दत्तारामकाकांकडे गेली. काका आरामखुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "बाईंक जमणा नाय, ह्या जगजाहीर आसा. सुंगटां बिंगटां काय सांगतास? जावा, खेळा!"

"ऐकणार नसतील तर दाखवूया!" तन्वी म्हणाली.

सारिकानेच मार्ग काढला. "शनिवारी पण मी सुंगटां घालतंय. मगे सगळ्यांदेखत सांगतंय. लाज वाटली तरी चालात."

शनिवारी वर्ग गच्च भरला. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. "काका, फळा तुमीच चालवा ना!" तन्वीने साळसूदपणे रिमोट पुढे केला. काका अभिमानाने फुगले. "बघा हां! ह्येका वायच डोक्या लागता!" आणि पाचव्या फोटोला, फट्! काकांनी रिमोट दाबला, झटकला, उलटा धरला. कपाळावरून घाम निथळू लागला. पोरं खदाखदा हसली.

तन्वी मात्र हसली नाही. त्या हसण्याच्या समोर उभं राहिलं की कसं वाटतं, ते तिला आज काकांच्या तोंडावर दिसलं. तिने मागे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली होती.

"काका, बाईंनी हात लावल्यानी काय?" धनेशने विचारलं. "नाय ना? मगे गच्चीर चला!"

सगळी गच्चीवर गेली. तिथे सुंगटं पसरून थांबलेल्या सारिकाने सर्वांसमोर चूक कबूल केली आणि सुंगटं पदरात भरली. "चालू झालो!" खालून पूजा ओरडली.

"शाबास रे पोरांनू!" काका म्हणाले. "जा आमका वर्षभर दिसला नाय, ता तुमी बघलास!" म्हातारे-कोतारेही पोरांच्या पाठी थोपटू लागले. मग काका बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, चुकी झाली माझी. मी सोमवारीच ओरोसला जातो. राजीनामा मागे घ्या."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तो मंजूर झाला, काका. परवा नवे सर येतायत. अहवाल तेवढा दुरुस्त करा." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी हा फळा शिकायला दर रविवारी कणकवलीला क्लासला जात होते. वही भरून टिपणं काढली. तरी बंद पडायचा. मला वाटलं, खरंच आपल्याला येत नाही."

समारंभ संपल्यावर तन्वी एस्टीच्या थांब्यापर्यंत बाईंची पिशवी घेऊन गेली. "बाई, सगळ्यात मोठ्याने मी हसायचे."

"माहीत आहे. ऐकू यायचं मला."

तन्वीला रडू फुटलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "नव्या सरांचं काही अडलं, तर आधी काय बिघडलंय ते बघा. करशील ना एवढं?"

एस्टी आली आणि बाई गेल्या.

सोमवारी शाळा उघडली. फळा सकाळपासून चार वाजेपर्यंत एकदाही बंद पडला नाही, आणि वर्गातल्या एकाही मुलाला त्याचा आनंद झाला नाही.